जप्तीच्या वहीतला सावकार

पॅरिसहून निघालेली गाडी दोनेक तासांत बूर्जला पोचते. उतरलेले बहुतेक जण कॅथेड्रलची वाट धरतात. त्या गर्दीतून बाजूला झालेला प्रवासी जुन्या रोमन तटाला पाठ लावून उभ्या असलेल्या एका वाड्यासमोर येतो आणि मान वर करतो, तर दर्शनी भिंतीतल्या दोन खिडक्यांतून एक पुरुष आणि एक बाई वाकून रस्ता न्याहाळताहेत. दोघंही दगडाची. खिडक्याही लटक्याच.

वाडा झाक क्योरचा. फर विकणाऱ्याचा हा मुलगा सातव्या शार्ल राजाच्या कोठाराचा कारभारी झाला. दरबाराला रेशीम, फर, चिलखतं पुरवायची, सरदारांना उधारीवर माल द्यायचा आणि खुद्द राजाला रोकड, हा त्याचा धंदा. त्याची गलबतं भूमध्य समुद्र ओलांडून थेट अलेक्झांड्रियापर्यंत जात. १४४९-५० मध्ये राजानं इंग्रजांकडून नॉर्मंडी परत घेतलं, त्या मोहिमेलाही याच्या कर्जाचा मोठा टेकू होता. १४४३ मध्ये सुरू झालेलं वाड्याचं काम १४५१ मध्ये आटोपत आलं, आणि ३१ जुलैला मालकालाच अटक झाली.

राजाची प्रेयसी आन्येस सोरेल हिला विष घातल्याचा आळ होता. तो टिकला नाही. उलट आळ घेणारी बाईच दोषी ठरली. पण धनको नकोसा झाला की आरोपांना तोटा नसतो. मुसलमानांना शस्त्रं विकली, पळून आलेला ख्रिस्ती गुलाम परत पाठवला, असे गुन्हे पुढे आले. २९ मे १४५३ रोजी, कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं त्याच दिवशी, निकाल लागला: १ लाख एक्यूंची भरपाई, ३ लाखांचा दंड आणि सगळ्या मालमत्तेची जप्ती.

क्योरची कहाणी इथं संपली असती, पण जप्तीचं काम झां दोव्हे नावाच्या सरकारी वकिलाकडे आलं. क्योरच्या स्वतःच्या खतावण्या जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या. दोव्हेनं लिहिलेली रोजनिशी मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहे. गावोगाव फिरून त्यानं गोदामं उघडली, माल मोजला, लिलाव पुकारले, येणी हुडकली. ल्योंजवळच्या पांपाई इथल्या चांदी-शिशाच्या खाणी तर त्यानं राजाच्या नावानं चालवायलाच घेतल्या, आणि तिथल्या कामगारांचा, अवजारांचा, अन्नाचा खर्चही लिहून ठेवला. म्हणजे बदनाम सावकाराचा सर्वांत विश्वासू चिटणीस ठरला तो त्याच्या घरावर टाच आणणारा माणूस! ही रोजनिशी १९५२-५३ मध्ये मिशेल मोला यांनी दोन खंडांत छापून आणली. क्योरच्या धंद्याविषयी आज जे ठामपणे सांगता येतं, त्यातलं बरंचसं तिच्यातूनच येतं.

न्यायाधीशांत आंत्वान द शाबान हा सरदार होता. जप्तीतली सें-फार्जोची जहागीर पुढे त्यालाच मिळाली. न्यायदान असं लाभाचं.

आत गेल्यावर प्रवाशाला दगडात जागोजाग बदाम आणि शिंपले कोरलेले दिसतात. मालकाच्या नावाचीच ती खूण: ‘क्योर’ म्हणजे हृदय, आणि शिंपला संत झाकचा. एका चुलाण्यावर शेतकरी गाढवांवर बसून सरदारांच्या द्वंद्वाची नक्कल करताहेत. खजिन्याच्या खोलीत मात्र थांबायला हवं. तिथल्या शिल्पात दंतकथेतले प्रेमी ट्रिस्टन आणि इझोल्ड झाडाखाली भेटले आहेत आणि फांद्यांत लपलेल्या तिच्या नवऱ्याचं, म्हणजे राजाचं, तोंड खालच्या पाण्यात उमटलं आहे. तिजोरीच्या खोलीत पाळत ठेवणारा राजा कोरून घ्यायचा, याला दूरदृष्टी म्हणावं की मस्ती?

१४५४ मध्ये क्योर कैदेतून निसटला आणि रोमला पोपच्या आश्रयाला गेला. तुर्कांवर निघालेल्या पोपच्या आरमाराबरोबर तो निघाला आणि १४५६ च्या नोव्हेंबरात ख्यिऑस बेटावर वारला. वर्ष उलटायच्या आतच शार्लनं न विकलेली मालमत्ता क्योरच्या मुलांना परत केली. त्यात हा वाडाही होता.