राठ केसांचं दुखणं

मैत्रिणींनो, न्हाऊन आल्यावर केस झाडूसारखे राठ लागतात, कंगवा गुंत्यातच अडकतो, ही तक्रार आपल्यापैकी कितीजणींची! मग कुणी सांगते अंडं लावा, कुणी कोरफड, तर कुणी महागडी बाटली आणायला लावते. पण केस कोरडे का झाले, हे आधी पाहायला नको का?

डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. मुळाशी पाझरणारा तेलकट स्राव त्याला मऊ ठेवतो. लांब केसांच्या टोकांपर्यंत तो नीट पोचत नाही, म्हणून टोकं आधी कोरडी पडतात. शिवाय केसावर माशासारखे अगदी बारीक खवले असतात. कढत पाणी, साबण, ऊन आणि रोजचा ड्रायर यांनी ते विस्कटतात.

आमच्याकडे बोअरचं जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट थर केसांवर बसतो. म्हणून मी सौम्य शांपू वापरते, न्हायला कोमट पाणी घेते आणि आदल्या रात्री खोबरेल लावते. खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना केसातली प्रथिनं कमी जातात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आपल्या आज्यांना हे न शिकवताच ठाऊक होतं! ओले केस मात्र खसाखसा पुसू नका. पंच्याने टिपा आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर सोडवत या.

एवढं करूनही फरक पडला नाही तर? माझ्या जाऊबाई दोन वर्षं नुसती तेलं बदलत होत्या. त्यातच थकवा, वाढतं वजन, सगळ्यांआधी थंडी वाजणं. विचारलं की म्हणायच्या, "अगं, वय झालं आता, चालायचंच." शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, तर थायरॉइडचं काम मंदावलेलं! गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी मरगळ गेली आणि नवे केसही मऊ येऊ लागले.

सासूबाईंची गोळी, मुलांचे डोस आपण घड्याळ लावून देतो; स्वतःच्या थकव्याला मात्र 'चालायचंच' म्हणतो. तेव्हा केस एकाएकी राठ झाले, गळू लागले आणि अंगात त्राणही नसेल, तर तेलाची नवी बाटली नंतर आणा. आधी डॉक्टरांना दाखवा. जाल ना?