उणे पाण्यातला गळ

उजनी मायनसमध्ये गेली की शेतकऱ्याला घोर लागतो आणि गळ टाकणाऱ्याला चेव येतो. भीमेवरच्या या धरणात एकूण 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं 63 टीएमसीहून थोडं अधिक मृतसाठ्यात मोडतं. उपयुक्त साठा संपला की पुढची घट उणे टक्क्यांत मोजतात. 2024च्या उन्हाळ्यात पातळी उणे 50च्याही खाली गेली होती. पाणी आटेल तसा मासा जुन्या नदीपात्रातल्या डोहांत गोळा होतो आणि नवख्याच्या गळालाही मोठा कटला लागतो. गोड्या पाण्यातल्या माशांचा अभ्यास आणि गळाची मासेमारी, मी दोन्ही करतो. नेमक्या याच दिवसांत गळ गुंडाळून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. तीस अंशांना जेमतेम साडेसात. त्यात उजनीला पुण्याकडचं सांडपाणी मिळतं आणि त्यावर शेवाळ माजतं. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्रभर तोच वापरतंही. म्हणून मे महिन्याच्या पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करताना दिसतात. काठावरच्याला वाटतं, चरायला वर आलेत. खरं तर त्यांचा जीव गुदमरत असतो. अशा पाण्यात झुंजवून दमवलेला मासा सोडल्यावर पोहत गेला तरी वाचेलच असं नाही. उन्हाळ्यात ‘मी पकडून सोडतो’ हे उत्तर मला पटत नाही.

मग पाऊस. साचलेल्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ सहसा वीत नाहीत. पहिल्या पुरासरशी ते फुगवट्याच्या वरच्या टोकाला, वाहत्या नदीकडे निघतात. कोकणात वलगणीचे मासे हौसेनं धरतात, तशीच हौस इथेही असते. पण रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते, हे गाभोळीनं फुगलेलं पोट बघताना आठवायला हवं. ‘बोटुकली सोडतातच की,’ असं कुणी म्हणेल. 1957मध्ये हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवलं, त्यातून ती सोय झाली हे खरं. पण धरणांत सोडतात ती बोटुकली बहुतेक या तिघांचीच, आणि हे तिघे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले. भीमेच्या स्वतःच्या शिंगाळ्याला, वामीला असा आधार नाही. शिंगाळ्याचा नर तळाशी खळगा करून पिलं राखतो. तो उचलला की पिलांना वाली उरत नाही.

माझा हंगाम दिवाळीनंतरचा. गढूळ पाणी निवळलेलं असतं, गाभोळी रिकामी झालेली असते, पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. थंडीत सकाळी मासा सुस्त असतो, ऊन चढलं की उथळ काठाला सरकतो. तेव्हा पहाटे कुडकुडण्याची गरज नाही. कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून त्याला आमिष तरंगतं ठेवावं. मृगळ तळ चाचपतो, त्याच्यासाठी कणकेचा गोळा खाली बसू द्यावा. मासा सोडायचा असेल, तर गळाचा उलटा दात आधीच पकडीनं दाबून टाकावा. हात ओले करून, शक्यतो पाण्यातच गळ सोडवावा. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालून फोटो तर नकोच. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी न्यावा. भिगवणच्या काठावर चित्रबलाक आणि रोहित उथळ पाण्यात चालत चरतात. तंगूस त्यांच्या पायांत अडकतो.

सगळंच मात्र सोडू नये. चिलापी परकी. तिची मादी पिलं तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. ती खुशाल घरी न्यावी, कालवणाला चांगली लागते. खरखरीत अंगाचा सकर गळाला किंवा जाळ्यात आला, तर कितीही दया आली तरी पुन्हा पाण्यात टाकू नये. हा दक्षिण अमेरिकेतला मासा घरच्या काचेच्या टाक्यांतून आपल्या पाण्यात आला. टाकीत मावेनासा झालेला मासा धरणात सोडणं पुण्यकर्म वाटत असेल, तर त्याची किंमत उजनीचे मच्छीमार मोजतात. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.