पुढच्या चाकांचा लिव्हर

उंब्रजच्या आमच्या घरात वाढलेल्या कुठल्याही भावंडाला विचारा, जीपच्या गिअरशेजारच्या दोन आखूड लिव्हरांपैकी पुढची चाकं जोडणारा कुठला? तो हवेतच हात नेऊन दाखवील. लष्कराच्या लिलावातली ती जीप अण्णांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी घेतली, तेव्हा आमच्यातले थोरले जेमतेम पाटी घेऊन शाळेत जाऊ लागले होते. १९७३ नंतर पेट्रोल कडाडलं, तेव्हा मूळचं इंजिन उतरवून डिझेलचं चढवलं गेलं. आवाज असा, की गाडी महामार्गावरून गावात वळली की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

आता घरात गाडीचा विषय पुन्हा निघाला आहे. दादाला चारी चाकांना ताकद देणारी लहान एसयूव्ही घ्यायची आहे. पुण्यातला धाकटा म्हणतो, पुढच्या दोन चाकांवर चालणारीच घे, वरचे पैसे वाचव. रोज रात्री फोनवर हीच चर्चा चालते. आमच्या तोंडून मात्र अण्णा, तात्या आणि काकीच बोलत असतात.

अण्णांची बाजू एकाच वाक्याची होती. आमची आत्या तारळ्याच्या वर, सडावाघापूरच्या पठाराखालच्या एका वाडीत दिलेली. "पावसाळ्यात पोरीच्या दारात पोचंल, अशी गाडी पायजे," असं ते म्हणायचे. तो रस्ता मुरमाचा, चढाचा. अशा ठिकाणी मागची दोनच चाकं ढकलत असली की खडी उडते आणि गाडी आडवी सरकते. अण्णा वळणाच्या आधी थांबायचे, लिव्हर ओढायचे आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश वर चढायचे. आत्याच्या दुसऱ्या बाळंतपणाला तिला त्याच जीपमधून कराडला दवाखान्यात नेलं, भर आषाढात. आमच्यासाठी चारी चाकांची गाडी घेण्याचं कारण तिथेच संपतं. बाकीचं सगळं हिशेबाचं.

तो हिशेब तात्यांचा. अण्णांचे धाकटे भाऊ, पण शेती तेच बघायचे. कृष्णेकाठच्या मळीतल्या काळ्या रानात चार चाकांचा उपयोग किती, हे त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते. टायरच्या नक्षीत चिखल थापला की चाक गुळगुळीत होतं आणि मग दोन फिरोत की चार, गाडी जागची हलत नाही. "दोन चाकं फिरली तर जिथं रुतल, तिथनं चार फिरली तर जरा पुढं जाऊन रुतल. वडायला शेवटी बैलंच," हे त्यांचं म्हणणं. पुढे बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, म्हणणं तेच राहिलं. गळिताच्या दिवसांत पाणंदीची जी दशा होते, ती पाहिल्यावर तात्या मला आजही पटतात. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल असतात, की मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकतं. तिथे चाकांच्या ताकदीपेक्षा पोटाखालची उंची कामाची.

आणि उंचीचा विषय निघाला, की काकी. पुरुषांना गाडी उंच हवी होती, पण लुगडं सावरत त्या उंचीवर चढायचं होतं बायकांना. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर बसून आम्ही अकरा मारुतींना गेलो होतो. अकरापैकी एक मारुती आमच्या उंब्रजचाच, आणखी काही मसूर, शहापूर, चाफळकडे, पण शिराळा आणि पारगाव लांब. घरी आल्यावर काकी दोन दिवस गुडघे शेकत होत्या. "रस्ता बघून गाडी घेता, मानूस बघून घ्या की," एवढंच त्या बोलल्या. पुढे ट्रॅक्स आली, दारं मोठी, जागा ऐसपैस, पुढच्या चाकांना ताकद नाही. तीच बरीच वर्षं टिकली. वडापवाल्यांकडे तीच असायची, त्यामुळे गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला तिचा नटबोल्ट पाठ.

२०१४ मध्ये रेनोची डस्टर चारी चाकांवर मिळू लागली, तेव्हा दादाने पहिल्यांदा हट्ट धरला. तेव्हा आमच्या आल्याच्या पिकाला दर नव्हता, विषय मागे पडला. २०२० मध्ये डिझेलबरोबर ती आवृत्तीही बंद झाली. सध्या दादाच्या डोळ्यांसमोर आहे ती २०२२ मध्ये आलेली मारुतीची ग्रँड विटारा. तिच्यात अण्णांच्या जीपसारखा लिव्हर नाही. एरवी पुढचीच चाकं ओढतात आणि ती घसरू लागली, की मधला क्लच आवळून मागच्या चाकांकडे ताकद जाते. जीपमधला दुसरा लिव्हर, तो संथ आणि जोरदार गिअर देणारा, इथे मुळातच नाही. म्हणून मोठ्या दगडांचा ओढा हिच्याकडून चढवून घ्यायचा नाही. ओला मुरूम, निसरडा घाट, शेवाळलेलं डांबर, एवढं तिच्याकडून मागावं, आणि आत्याच्या वाडीचा रस्ता नेमका तेवढाच आहे. पोटाखाली २१० मिलिमीटर जागा आहे आणि तरीही सीट अशी, की काकींना आज पाय फार उचलावा लागला नसता.

उणी बाजूही दादाला मी लिहून दिली. बाजारात आली तेव्हा दोन चाकांच्या आणि चार चाकांच्या गाडीत दीड लाखाचा फरक होता. कंपनीच्या तेव्हाच्या आकड्यांप्रमाणे लिटरला २१.११ किलोमीटरऐवजी १९.३८. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरले, तर साठ-पासष्ट लिटर पेट्रोल जास्त. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टायर. एक फुटला म्हणून एकच नवा घातला, तर त्याचा घेर झिजलेल्या टायरांपेक्षा मोठा पडतो, चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मधल्या क्लचवर विनाकारण ताण येतो. चारही जोडीने झिजवायचे आणि जोडीने बदलायचे. उतारावर ब्रेक मारताना तर चारी चाकांच्या ताकदीचा काहीच फायदा नाही. चढताना जो धीर येतो, तो उतरताना बाजूला ठेवावा लागतो. हे अण्णा लिव्हर सोडून, इंजिनाच्या जोरावर उतरताना आम्हाला न सांगता शिकवत होते.

माझं मत दादाच्या बाजूने पडलं. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे, दर महिन्याला तपासणीला कराडला येते आणि पावसाळ्यात तिच्या वाडीचा शेवटचा चढ अजून मुरमाचाच आहे. धाकट्याने पुण्यात दोन चाकांवरची घ्यावी, त्याला वर्षाकाठी एकदाही मागच्या चाकांची गरज पडणार नाही. उंब्रजच्या घरी मात्र चारी चाकांचीच यावी. मळीत ती न्यायची नाही, हे दादाने कबूल केलं आहे. तिथे ट्रॅक्टर आहे. आल्याचे पैसे आले की कराडला जाऊन नोंदणी करायची, आणि आत्याला आधी पुढच्या सीटवर बसवून चढता-उतरता येतं का, ते बघायचं.