बसतो म्हणून चालतो का?

मुलांनो, ओळखा पाहू मी कोण? बोटाएवढी माझी उंची. अंगात पांढरा सदरा, कमरेला लोखंडी आटे आणि डोक्यावर रबरी टोपी. ढग नाही, पाऊस नाही, तरी मी मिनिटाला हजारो वेळा वीज पाडतो!

ओळखलंत ना? स्पार्क प्लग! तुमच्या घरच्या पेट्रोलच्या स्कूटरमध्ये तो असतोच. पण आज मी सांगणार आहे जेटस्कीतल्या प्लगची गोष्ट. जेटस्की म्हणजे पाण्यावरची मोटारसायकल. आमच्या मालवण तालुक्यात तारकर्ली-देवबागला पर्यटक आले की ती भुर्रकन धावताना दिसते.

इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण दट्ट्या, म्हणजे पिस्टन, दाबून धरतो. त्याच वेळी प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून हजारो व्होल्टची ठिणगी उडते. मिश्रण पेटतं आणि पिस्टन जोरात ढकलला जातो. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी लागते. मिनिटाला ६००० फेरे, तर सेकंदाला किती ठिणग्या? करा भागाकार. शंभर! तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत शंभर ठिणग्या!

माझा मावसभाऊ देवबागला जुनी टू-स्ट्रोक जेटस्की चालवतो. एका मे महिन्यात, ऐन गर्दीत, प्लग काळा पडून बंद झाला. जादा प्लग जवळ नव्हता. मदतीला असलेल्या मुलाने जुन्या स्कूटरचा प्लग आणून फिरवला. आटे अगदी बरोबर बसले. इंजिनही सुरू झालं. दोन दिवस सगळं ठीक होतं.

तिसऱ्या दिवशी कर्ली नदीच्या मुखाशी, मागे एक पर्यटक बसलेला असताना, इंजिन एकाएकी गप्प झालं. आणि बरं का, जेटस्कीला होडीसारखं सुकाणू नसतं. मागून फेकल्या जाणाऱ्या पाण्याच्या झोताची दिशा बदलून ती वळते. इंजिन बंद म्हणजे झोत बंद, आणि झोत बंद म्हणजे वळणंही बंद! त्यात ओहोटी लागलेली. पाणी दोघांनाही समुद्राकडे ओढत होतं. किनाऱ्यावर मावशी हात जोडून उभी होती. दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट होतं, आणि जवळच मासेमारीची होडी होती, म्हणून दोर टाकून त्यांना ओढून आणता आलं.

मेस्त्रीकाकांनी इंजिन उघडलं. पिस्टनच्या डोक्याला भोक पडलेलं! प्लगचं टोक पांढरंफटक आणि वितळलेलं. काका एवढंच म्हणाले, “बसता म्हणान चालता असा नाय.”

असं का झालं? स्कूटर चढावर दमते, उतारावर विसावा घेते, सिग्नलला थांबते. जेटस्कीला मात्र पाणी सतत मागे रेटत असतं आणि इंजिन बराच वेळ पूर्ण जोरात चालतं. म्हणून तिला उष्णता पटकन बाहेर सोडणारा, म्हणजे ‘थंड’ प्लग लागतो. ‘गरम’ प्लगचं नाक लांब असतं, ते उष्णता धरून ठेवतं. टोक साधारण ८५० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं, तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण भलत्याच वेळी पेटतं. उलट, टोक ४५० अंशांपर्यंतही तापलं नाही, तर काजळी जळून जात नाही आणि प्लग काळा पडतो. म्हणजे फार थंड प्लगही नकोच!

हे सगळं प्लगच्या नावातच लिहिलेलं असतं. एनजीके कंपनीचा ‘बीआर८एचएस’ घ्या. बी म्हणजे आट्यांची जाडी १४ मिलिमीटर. आर म्हणजे आत रोधक आहे. ८ हा उष्णतेचा अंक. एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर. एचच्या जागी ई असेल तर लांबी १९ मिलिमीटर. असा लांब प्लग चुकीच्या इंजिनात घातला, तर पिस्टन त्यावर आपटू शकतो! एनजीकेत अंक वाढला की प्लग थंड, पण काही कंपन्यांत हा हिशेब उलटा असतो. म्हणून अंदाज नको. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच प्लग घ्यायचा.

आता बसवायचा कसा? हे काम मोठ्यांचं. तुम्ही शेजारी उभं राहून पाहायचं. आधी सीट उघडून आत साचलेली पेट्रोलची वाफ जाऊ द्यायची. इंजिन गार हवं. टोपी धरून ओढायची, वायर नाही. प्लगभोवतीची वाळू फुंकून टाकायची, नाहीतर ती इंजिनात जाते. मग प्लग पान्याने जुना प्लग काढायचा. नव्याची फट फिलर गेजने तपासायची. ती किती हवी, तेही पुस्तकातच असतं. नवा प्लग आधी हातानेच फिरवायचा. अडला तर जोर नको. उलटा फिरवून पुन्हा सुरुवात. कारण इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं आणि त्याचे आटे लगेच बिघडतात. प्लग टेकला की पान्याने साधारण अर्धा फेरा, बस्स! शेवटी टोपी ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायची.

पालकहो, जेटस्कीवर मुलांना बसवण्याआधी आपण लाइफ जॅकेट पाहतो, भाडं विचारतो. इंजिनाची देखभाल केव्हा झाली, हेही विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक उद्योग. ओळखीच्या गॅरेजमधून टाकून दिलेला एखादा प्लग मागून घ्या. त्याच्या टोकाचा रंग पाहा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर इंजिन खुशीत होतं. कोरडा काळा असेल तर काजळी साचली. ओला काळा असेल तर तेल किंवा पेट्रोल जळलं नाही. पांढराफटक असेल तर... ते आता तुम्हीच सांगाल!