निळ्या धुराचें निदान

सकाळीं मोटार सुरू होतांच मागून निळसर धूर निघाला कीं ‘इंजिन गेलें’ असा निकाल देणारे पुष्कळ. आमच्या जुन्या मोटारीविषयींहि तोच निकाल मिळाला. खर्चाचा आंकडा मान्य करण्यापूर्वीं आम्हीं धुराची वेळ पाहिली. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतां जोर लावतांना धूर सतत येतो. आमचा येई तो मोटार रात्रभर उभी राहिल्यावर, किंवा बोरघाट उतरून पुन्हां वेग घेतांना. अर्थात् वरचें तेल व्हॉल्व्हच्या दांडीवरून सिलिंडरांत झिरपत होतें. उतारावर थ्रॉटल मिटला म्हणजे आंतील ओढ वाढून तें अधिकच खेंचलें जातें.

हेड उतरवितांच उलगडा झाला. रबरी सीलें उष्णतेनें कडक झालीं होतीं आणि गाइडेंहि झिजलीं होतीं. केवळ सीलें बदलणें स्वस्त खरें. परंतु दांडी व गाइड यांमधील फट मिलिमीटरच्या कांहीं शतांशांचीच असावी लागते. ती वाढली कीं दांडी डगमगते व नवें सीलहि लवकरच निकामी होतें. म्हणून गाइडें नवीं बसविलीं आणि त्यांना जुळतील अशा व्हॉल्व्हच्या बैठकीहि पुन्हां कापून घेतल्या. पिस्टनांना हात लावावाच लागला नाहीं.

दुखणें केव्हां वाढतें, हें वैद्य आधीं विचारतो. मेकॅनिकनें न विचारलें तरी वाचकांनीं तें आपण होऊन सांगावें.