दादाला धाडलेला फोटो

दादा अमेरिकेत व्हर्माँटला असतो. गेल्या ऑक्टोबरात त्याने तिकडच्या मेपलच्या झाडांचे फोटो धाडले. सारा रस्ता कसा पेटलेला! खाली एक ओळ : ‘आपल्या गावच्या रस्त्याला कुठली आलीय असली पानगळ?’

मला ते लागले. (चाळिशी उलटली तरी धाकटा तो धाकटाच!) फाल्गुनात मी सह्याद्रीच्या पायथ्याच्या आमच्या गावी गेलो. साग खराट्यासारखे उभे, पायाखाली पाचोळा करकरतोय. आणि वळणावर आमचा कुसुंब लालभडक! लहानपणी दादा मला त्याच्या बेचक्यात बसवून खुशाल पळून जायचा. मी फोटोंवर फोटो काढू लागलो. शेळ्या वळणारे एक आजोबा थबकले.

“कशाचं फोटू, मास्तर?”

“पानगळीचे.”

“पानगळ? आवं, ही तर नवी पालवी हाय!”

मुलांना ऋतुवर्णने शिकवणाऱ्या प्राध्यापकाने मान खाली घातली. खरेच की! मेपल तांबडा होतो तो निरोप घेताना. कुसुंबाची पाने उमलतातच तांबडी आणि पुढे हिरवीगार होतात.

बुंध्यावर मात्र पांढऱ्या रंगात आकडा होता : ४७. रस्ता रुंद व्हायचा आहे. मी चार पावले सरकलो, आकडा चौकटीबाहेर ठेवला आणि फोटो दादाला धाडला.

रात्रीच उत्तर आले : ‘आपला कुसुंब ना रे? पुढच्या फाल्गुनात येतो. बेचका शाबूत आहे का, बघून ठेव.’

दिवाळी आली. मी अजून काही कळवलेले नाही.