करंजीच्या घाटांतील निदान

नगर जिल्हा विस्तारानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. १७ हजार चौरस किलोमीटरांहून थोडा अधिकच. सन २०२४ पासून शहराचें व जिल्ह्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे. जामखेड तालुक्यांतील चौंडी या गांवीं १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाईंचें नांव या भूमीस मिळावें हें योग्यच. तथापि बाजारांत आणि एस्. टी.च्या थांब्यावर अद्याप 'नगर' हाच शब्द ऐकूं येतो, म्हणून आम्हीहि येथें तोच योजितों. या जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला, कळसूबाईच्या परिसरांत, पाऊस कोसळतो आणि पूर्वेस पाथर्डीकडे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. पाण्यावांचून माणसांचे काय हाल होतात याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. वाईट पाण्यानें यंत्राचे काय हाल होतात हें मात्र आम्हां उभयतांस गेल्या फाल्गुनांत करंजीच्या घाटांत पाहावयास मिळालें.

नगरहून पाथर्डीकडे जातांना शहा डोंगरावरची अष्टकोनी तीन मजली इमारत लांबूनच दिसूं लागते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहींतील मुत्सद्दी सलाबतखान याची कबर आहे. याच सलाबतखानानें शहरानजीकचा फराहबाग १५८३ च्या सुमारास पुरा केला. तळ्याच्या मध्यभागीं बांधलेला तो वाडा म्हणजे नगरच्या उन्हाळ्यावर काढलेला तोडगाच! पाण्यानें उष्णता उचलावी व वाऱ्यानें ती वाहून न्यावी, एवढेंच त्यांतील मर्म; आणि मोटारीच्या रेडिएटरांत तरी याहून निराळें काय आहे? फराहबागेच्या जवळच लष्कराचें रणगाडा-संग्रहालय १९९४ पासून आहे. तेथें सेंच्युरियन व पॅटन हे १९६५ च्या युद्धांतील प्रतिस्पर्धी पाहावयास मिळतात. सेंच्युरियनचें इंजिन पाण्यानें थंड होणारें, पॅटनचें नुसत्या वाऱ्यानें. वाहनांच्या कसोट्या घेणारी संरक्षण खात्याची संशोधनसंस्थाहि याच शहरांत आहे. तात्पर्य, इंजिनाचा ताप हा नगरकरांच्या परिचयाचा विषय आहे.

मढीला कानिफनाथांच्या यात्रेंत रंगपंचमीची गर्दी ओसरल्यावर आम्ही दर्शनास गेलों होतों. तेथील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. परतीच्या वेळीं तिसगांवीं बस चुकली, तेव्हां नगरच्या बाजारीं कांदा नेणाऱ्या एका शेतकऱ्यानें आम्हांस आपल्या पिकअपमध्यें जागा दिली. गाडी त्याची स्वतःची. म्हणजे अजून सावकारीच्या हप्त्यांतून सुटावयाची होती. मागें कांद्याच्या गोण्या, पुढें आम्ही तिघे. करंजी सोडून घाट चढूं लागतांच समोरच्या पाट्यावरील उष्णतेचा कांटा हळूहळू लाल रेघेकडे सरकूं लागला. तेव्हां त्या गृहस्थानें एक विलक्षण गोष्ट केली. भर दुपारीं, चैत्र तोंडावर आलेला असतां, त्यानें गाडींतला हीटर पूर्ण सोडला! आमची सौभाग्यवती पदरानें वारा घेत म्हणाली, "अहो दादा, हें काय आरंभलं?"

"वहिनी, इंजिनची गरमी आपल्या अंगावर घेतोय," तो म्हणाला, "तेवढाच त्याला आराम."

आणि तें खरेंच होतें. हीटर म्हणजे एक धाकटा रेडिएटरच. कांटा क्षणभर अडखळला, पुन्हां वर गेला, आणि एका वळणाच्या रुंद जागीं आम्ही थांबलों.

एव्हांना दोघे-तिघे वाटसरू जमले होते. त्यांतील एकानें मोठ्या उत्साहानें रेडिएटरच्या झांकणास हात घातला. गाडीवाल्यानें त्याचें मनगट धरून तो मागें ओढला. नगर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच. येथें उघड्या पातेल्यांतलें पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. परंतु झांकणाच्या स्प्रिंगमुळें रेडिएटरांत दाब राहातो आणि १०० अंश ओलांडूनहि पाणी पाणीच राहातें. प्रेशर कुकरचेंच तत्त्व. झांकण काढलें कीं दाब जातो व त्याच क्षणीं त्या पाण्याची वाफ होऊन तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणेंहि तितकेंच घातक, कारण धातूस तडा जातो. पाऊण तास स्वस्थ बसणें हाच पहिला उपचार होय.

या पाऊण तासांत त्यानें जें केलें तें एखाद्या जुन्या वैद्यास शोभण्यासारखें होतें. ताप हें लक्षण, रोग नव्हे. म्हणून त्यानें प्रथम ताप केव्हां येतो याचा विचार केला. गाडी सपाट रस्त्यावर वेगानें जातांना न तापतां केवळ चढावर, सावकाश चालतांना तापत असेल, तर वाऱ्याची बाजू तपासावी. कारण तेथें सारा भार पंख्यावर असतो. वेगांतहि तापत असेल तर पाणी नीट फिरत नाहीं. निघाल्यावर थोड्याच वेळांत तापली आणि वरची नळी गारच राहिली, तर थर्मोस्टॅट मिटून बसला. गळती न दिसतां पाणी कमी होत असेल, आणि धूर पांढरा येत असेल, तर हेडगॅस्केट गेलें असें समजावें. या रोगाचें नांव काढतांना त्याचा चेहरा उतरला. इंजिनाचें हेड अतितापानें वांकलें म्हणजे तें उतरवून घासावें लागतें, व त्या खर्चांत एका हंगामाचें भाडें जातें.

त्यानें तेल मोजण्याची पट्टी काढून पाहिली. तेल काळें होतें, दुधाळ नव्हतें. अर्थात् पाणी तेलांत उतरलें नव्हतें. चावी खिशांत घालून त्यानें पंखा हातानें फिरविला. तो जड फिरला, म्हणजे त्याचा क्लच शाबूत. पट्टा ताठ होता. मग तो रेडिएटरपुढें गुडघे टेकून बसला आणि बोटांनीं चिमट्या काढूं लागला. जाळीच्या पातळ पत्र्यांत कांद्याच्या टरफलांचा थर बसला होता! एवढी वर्षें कांदा वाहणाऱ्या गाडीचा श्वास कांद्यानेंच कोंडला होता.

पण तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. रेडिएटर निवल्यावर त्यानें त्यावरून हात फिरविला. कोठें ऊन, कोठें अगदीं गार. आंतून नळ्या बुजल्याची ही खूण. कोणीतरी टपरीवरून बोअरचें पाणी आणून दिलें, तें त्यानें कपाळाला आठ्या घालीत थोडें थोडें आंत घातलें. "हेच पाणी मूळ दुखणं आहे," तो म्हणाला, "पण आता इलाज नाही."

ही गोष्ट आमच्या भगिनीवाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं, साबणास फेंस येत नाहीं आणि ज्याच्या योगें चहाच्या भांड्यास पांढरी पुटें चढतात, तेंच हें जड पाणी. त्यांतील चुन्याचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. वाट अरुंद होते आणि उष्णताहि बाहेर पडेनाशी होते. गाडी तापते म्हणून पुन्हां तेंच पाणी, आणि त्या पाण्यानें गाडी अधिक तापते! डिझेलच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांशच चाकांच्या कामीं येते. जवळ जवळ तितकीच पाण्यावाटें बाहेर टाकावी लागते. ती कोंडली तर काय होईल हें उघड आहे.

आतां प्रश्न असा होता कीं, तशीच गाडी हाणून बाजार गांठावा किंवा नाहीं. उशीर झाल्यास लिलाव चुकणार होता. त्याच्याच गांवची एक गाडी मागून आली. तिच्यांत अर्ध्या गोण्या चढविल्या (भाडें ठरविल्यावांचून नव्हे), आणि आम्ही दुसऱ्या गिअरांत, हीटर सोडून, दोनदां थांबून घाट चढलों. कांटा लाल रेघेस शिवला नाहीं. लिलाव मात्र चुकला.

दुसऱ्या दिवशीं कुतूहलानें आम्ही नगरांतील त्या मिस्त्रींकडे गेलों. हे लष्कराच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनीं थर्मोस्टॅट दोऱ्यास बांधून पातेल्यांतील पाण्यांत सोडला, शेजारीं उष्णतामापक धरला आणि स्टोव्ह पेटविला. त्यावर ८२ अंशांचा छाप होता, आणि त्या सुमारास तो आज्ञाधारकपणें उघडला. रेडिएटरची टांकी उघडली तेव्हां नळ्यांच्या तोंडांशीं मातकट खडू भरल्यासारखें दिसलें. तो टाकून नवा बसवावा लागला. हेड मात्र बचावलें होतें. नव्यांत त्यांनीं निम्में ऊर्ध्वपातित पाणी व निम्में कूलंट भरलें. हा द्रव गंज धरूं देत नाहीं व पाण्याचा उत्कलनबिंदूहि कांहींसा वाढवितो, परंतु तो चवीला गोड आणि अत्यंत विषारी आहे. म्हणून उरलेला डबा गाडीवाल्यानें मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा जागीं, आसनामागच्या पेटींत कुलपांत ठेवला, आणि पिण्याच्या पाण्याची बाटली तेवढी पुढें ठेविली.